दुसरी नोकरी कोणती?

पुण्यातल्या एका कंपनीत सगळे घरूनच काम करत. तिथले प्रमुख उदयन रांगणेकर निष्ठेवर प्रवचन द्यायला कधी थकत नसत. जयेश चोरून दुसरीकडेही पूर्णवेळ नोकरी करतो, हे कळताच व्हिडिओ कॉलवर सर्वांसमोर ते त्याच्यावर तुटून पडले.

“एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत! आजच्या आज राजीनामा दे.”

जयेशने मान खाली घातली. “चुकलं, सर. घरात आजारपण आहे, म्हणून केलं. ती नोकरी सोडतो, पण ही राहू द्या.”

“लबाडीला माझ्याकडे माफी नाही!”

जयेशची सहकारी हेमांगी वाळिंबे हे ऐकत होती. नव्या ग्राहक-कंपनीशी उद्या होणाऱ्या बैठकीची वेळ ठरवायला तिने सकाळीच तिकडे फोन केला होता. तिथल्या मुलीने फोन “आमच्या साहेबांना” जोडून दिला आणि आवाज ऐकून हेमांगी चाटच पडली. ते साहेब म्हणजे रांगणेकरच होते! तिने गुपचूप फोन ठेवला होता.

आता ती शांतपणे म्हणाली, “सर, एक विचारू? उद्याच्या बैठकीत तुम्ही आपल्या बाजूने बसणार, की ग्राहकाच्या?”

रांगणेकर पडद्यावर असे थिजले, की सगळ्यांना वाटलं नेटच गेलं. मग घसा खाकरत ते म्हणाले, “जयेश, चूक माणसाकडूनच होते रे. दुसरी नोकरी सोड, म्हणजे झालं.”

“आणि तुम्ही, सर?” हेमांगीने विचारलं.

“मीही सोडतो,” ते पुटपुटले.

जयेशने त्याच दुपारी दुसरी नोकरी सोडली. रांगणेकरांना मात्र आठवडा लागला. दोन्हींतली दुसरी कोणती, हेच त्यांना आधी ठरवावं लागलं.