पाखरांचा श्वास ऐकणारी रायवंता

पळसपाणीच्या तलावाच्या पाळीवर आज जी चिंच उभी आहे, तिचं बी अजून मातीत पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. गावात मासे धरणाऱ्या धिवरांची घरं होती, धानाची शेतं होती, आणि रायवंता नावाची एक म्हातारी होती. तिला श्वास ऐकू यायचा. अंड्यातलं पिल्लू कवच फोडण्याआधी आत जो पहिला श्वास घेतं, तो तिला आपल्या अंगणात बसून ऐकू यायचा, असं म्हणतात.

हे काही ती जन्मतः घेऊन आली नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा लहानपणीच छातीच्या दुखण्यानं गेला. थंडीचे दिवस होते. वारा लागू नये म्हणून तिनं दार लावून घेतलं होतं, फटींत चिंध्या कोंबल्या होत्या, शेगडी पेटती ठेवली होती, आणि ती त्याच्याजवळ बसून त्याचा श्वास ऐकत होती. तो थांबला तरी ती ऐकत राहिली. त्यानंतर तिचे कान तसे झाले, असं म्हणतात. ती स्वतः याबद्दल कधी बोलली नाही.

पुढे गावात कौसू नावाची सून आली. बापानं तिला आंदण म्हणून टोपलीत घालून बदकं दिली होती. गावानं तोवर बदकं पाळलेली नव्हती. पाणवठ्यावरच्या बाया हसल्या. "गाय नाई, बकरी नाई, हे काय आणलंस वो? चालते तं डोमाजी पाटलासारखं." डोमाजी पाटील खरोखरच डुलत चालायचा. पण त्या पावसाळ्यात बदकं धानात उतरली आणि त्यांनी खोडातली कीड खाल्ली, बांध पोखरणारे खेकडे खाल्ले. शेतं भरून पिकली. मग डोमाजी पाटीलच डुलत कौसूच्या दारी आला आणि म्हणाला, "पिल्लं झाली का पहिली मले दे, बाई."

थंडीत पिल्लं निघाली. आता त्या गावाची एक रीत होती. धान झोडून झालं की पहिल्या तणसाची, म्हणजे पेंढ्याची, गंजी गावदेवी मातामायच्या ठाण्याजवळ रचायची आणि वर्षभर तिला हात लावायचा नाही. ऊन, पाऊस, दव, सगळं तिच्यावरून जायचं. पुढच्या थंडीत कुणाकडे बाळंतपण असलं, गाय व्यालेली असली, तर अंथरायला त्या गंजीतलं तणस न्यायचं. मातामाय लेकरू राखते, अशी श्रद्धा होती. कौसूनंही ओंजळी भरभरून आणलं, खुराड्यात पसरलं आणि पिल्लांना ऊब राहावी म्हणून खुराड्याला पोती बांधली.

पिल्लं थोडे दिवस बरी होती. मग एक कोपऱ्यात उभं राहिलं. मान लांब केली, चोच उघडली. श्वासागणिक शेपटी खालीवर होऊ लागली. मग दुसरं, मग तिसरं. आवाज काहीच नाही. कौसू रोज आणखी तणस आणायची, आणखी जाड अंथरायची, पोतं आणखी घट्ट बांधायची. ती सगळी पिल्लं गेली. दुसऱ्या खेपेचीही गेली.

तिसऱ्या खेपेची पिल्लंही माना लांब करू लागली, तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली. पोरीची नजर वाईट आहे. आज बदकाची पिल्लं, उद्या गावातली लेकरं. बाया तिला पाहून मुलांना पदराआड घेऊ लागल्या. डोमाजी पाटलानं ठाण्यासमोर गाव जमवलं. "या खेपेची पिल्लं मेली," तो म्हणाला, "तं बदकं मातामायले कापून देऊ अन् पोरीले माहेरी धाडू." कौसूचा नवरा खाली मान घालून उभा राहिला. माहेरी तिचा बाप होता तेवढाच, आणि तोही त्या पावसाळ्यात वारला होता.

कौसू रायवंताच्या अंगणात आली आणि उभीच राहिली. रायवंता उठली आणि तिच्यामागून चालू लागली.

खुराड्याजवळ बसून तिनं डोळे मिटले. एक पिल्लू उचलून कानाशी धरलं. "सर्दी नोहे," ती म्हणाली. "सर्दीचं पाखरू खुरखुर करते. याचं नाक साफ हाये. जे हाये ते खोल हाये." मग तिनं खुराड्याला कान लावला. आतल्या सगळ्या पिल्लांचा श्वास अडकत येत होता. पण एक श्वास स्वच्छ होता, आणि तो खुराड्यातून येत नव्हता. तो पाळीखालच्या वाळूतून येत होता. त्याच खेपेचं एक पिल्लू फटीतून निसटलं होतं आणि उन्हात तापलेल्या वाळूवर किडे टिपत फिरत होतं, असं म्हणतात.

रायवंतानं पोतं सोडलं, आत डोकं घातलं आणि तणस उचलून झाडलं. उन्हाच्या तिरिपेत करड्या भुकटीचा लोट उठला. तिला ठसका लागला. तिनं ते तणस मुठीत घेतलं आणि ती ठाण्यासमोर जमलेल्या गावापुढे गेली.

"पोरीची नजर नाई," ती म्हणाली. "गंजी आतून बुरसली हाये."

लोक मागे सरकले. डोमाजी पाटलाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मातामायच्या तणसाले नाव ठेवतेस? म्हातारपणी डोकं फिरलं काय तुहं?"

"मी काऊन नाव ठेवू? पावसानं भिजवलं, आपन तसंच राहू दिलं. मातामायनं काय केलं त्यात?"

"खोटं निघालं तं तूबी पोरीसंगं जाशील."

"जाईन," रायवंता म्हणाली. "पिल्लं वाळूवर ठेवा. त्यांच्या जागी मी निजतो. तणस चांगलं असन तं मले काय होनार?"

कौसूनं तिचा पदर धरला. "नको वो माय."

"सोड," रायवंता म्हणाली. "ऐकू दे मले."

सकाळच्या उन्हात ती खुराड्यात शिरली आणि तणसावर तोंड टेकून निजली. बाहेरून पोती बांधली. गाव भोवती बसून राहिलं. चूल कुणी पेटवली नाही. पहिल्यांदा काही ऐकू आलं नाही. मग उन्हं डोक्यावर आली तसा तिचा श्वास लोकांना ऐकू येऊ लागला. आधी शेजारी बसलेल्यांना, मग पाळीवरच्यांना, मग तलावापलीकडच्या गुराख्यांना. त्या दिवशी सगळ्या गावाला तिचे कान मिळाले, असं म्हणतात. कौसू वाळूवर पिल्लांजवळ बसली होती. तिला एका बाजूनं म्हातारीचा श्वास चढताना ऐकू येत होता आणि दुसऱ्या बाजूनं एकेका पिल्लाची चोच मिटताना दिसत होती.

पोतं फाडलं ते डोमाजी पाटलानं. त्यानं तिला उचलून वाळूवर आणलं आणि आपल्या पागोट्यानं वारा घातला. ती मान लांब करून, तोंड उघडून श्वास घेत होती.

"पाखरं?" तिनं विचारलं.

"खात हायेत," कौसू म्हणाली.

काही म्हणतात, ती पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत रायवंता जगली. काही म्हणतात, ती गेलीच नाही, बदकांच्या थव्यामागून चालत धुक्यात शिरली. काही पिल्लं मात्र वाचली नाहीत. तेही गाव सांगतं, लपवत नाही.

आजही पळसपाणीत मातामायची गंजी रचतात, पण पावसाळा येण्याआधी उतरवतात. बदकांखाली तणस घालायचं तर आधी नवं, उन्हात वाळलेलं आणतात, आणि घरातली बाई त्यात तोंड खुपसून श्वास घेते. तसा श्वास सगळ्यांत आधी कौसूनं घेतला होता. कुणाकडे बाळ जन्मलं तरी तेच करतात. आणि बाळाच्या खोलीचं दार वीतभर उघडं ठेवतात. पौषाच्या थंडीतसुद्धा.