तडकलेली काच

मिरजेच्या मालिनीताई कोपर्ड्यांना जुने लॅपटॉप जमवायचा नाद. त्यातला एक फार दुर्मिळ आहे, असं पेपरात छापून आलं आणि दुसऱ्याच दिवशी नगरसेवक खराडे हवालदाराला घेऊन दारात हजर.

"हा माझा," फळीवरच्या जाडजूड, मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवून ते म्हणाले. "पंचवीस वर्षांपूर्वी चोरीला गेलेला."

हवालदार ताईंकडे संशयानं बघू लागला. ताईंना संशय खराड्यांचा.

"तुमचा असेल तर न्या. फक्त सांगा, पडद्यावरच्या कॅमेऱ्याची काच कशानं तडकली?"

"माझ्याच हातून पडला होता."

ताईंनी झाकण उघडलं. त्या काळच्या लॅपटॉपला कॅमेरा कुठला असायला?

"याला डोळाच नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "डोळा आहे तो तुमचा, याच्यावर."