बोलणीच्या चौकात पालख्या का टेकतात

बोरवंड शहराच्या जुन्या पेठेत, वरची साळी आळी संपते आणि खालची सुरू होते त्या जागी एक चौक आहे. एरवी तो कुठल्याही शहरातल्या चौकासारखाच दिसतो. साड्यांची दुकाने, मोबाइलचे दुकान, भेळेची गाडी, आणि कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा फलक. पण चैत्री पौर्णिमेला दुपार कलली की दुकानदार आपले सामान आत ओढतात, रहदारी वळवली जाते, आणि दोन बाजूंनी दोन पालख्या येऊन चौकाच्या मध्यावर चक्क जमिनीवर टेकतात. दोन्ही पालख्यांचे मानकरी पागोटे काढून, मान खाली घालून उभे राहतात. मग त्या वर्षी लग्न झालेल्या शहरातल्या सुना-लेकी, कोणत्याही जातीच्या आणि कोणत्याही वस्तीतल्या, एकेक करून पुढे येतात आणि त्या दोघांना मनसोक्त बोलतात. मानकऱ्यांनी उलट उत्तर द्यायचे नसते. म्हणूनच याला बोलणीचा चौक म्हणतात.

बाहेरून आलेल्यांना हा गमतीचा खेळ वाटतो. पेठेतली जुनी माणसे मात्र सांगतात की हा खेळ नव्हे, बोलणी खाल्ल्याशिवाय देवी उठतच नाही. आणि कुणी थोडा उत्साह दाखवला, की बाकड्यावर सरकून जागा करून देतात व पुतळाची गोष्ट सांगू लागतात.

त्या काळी इथे चौक नव्हता, नुसती मोकळी जागा होती. दोन्ही आळ्यांत साळीच राहत. तेच माग, तेच लुगड्याचे काठ, तेच कुळाचार. वरची आणि खालची म्हणायचे, पण दोन्हींच्या मध्ये घागरभर पाणी ओतले असते तर कुणीकडे वाहावे हे न कळून ते तिथेच जिरले असते. तरीही दोन्ही आळ्यांचे हाडवैर. कारण एवढेच, की नदीच्या डोहात मायराणी देवीचे दोन मुखवटे एकाच वेळी सापडले होते म्हणे. एक वरच्या आळीने नेला, एक खालच्या आळीने. दोघी बहिणी हे दोन्ही आळ्यांना मान्य होते. पण थोरली कोण? ज्यांची देवी थोरली त्यांचा मान पहिला. मग लग्नात पहिली सुपारी कुणाची, बाजारात पहिली बैठक कुणाची, मयतात पहिला खांदा कुणाचा, इथपर्यंत वाद जाई. प्रेत खोळंबून ठेवून भांडल्याचेही सांगतात; ते खरे असेल असे वाटत नाही, पण बोरवंडचे काही सांगता येत नाही.

पुतळा ही वरच्या आळीच्या मानकऱ्याची, आबाशेटची मुलगी. केरबा हा खालच्या आळीच्या मानकऱ्याचा, नारूशेटचा मुलगा. दोन्ही आळ्यांतली माणसे सकाळी त्या मोकळ्या जागेत सुताचे लांब ताणे पसरून त्यांना खळ लावीत. एका बाजूला पुतळा कुंचा फिरवी, दुसऱ्या ताण्याशी पाठ करून केरबा. पाठीला पाठ लावून काम करणाऱ्यांत काय घडते हे घरच्यांना उशिरा कळते. पुतळाच्या ताण्यातला धागा तुटला, आणि ती खळीचे भांडे आणायला गेली, की परत येईपर्यंत तो सांधलेला असे. वरच्या आळीत गाठ डावीकडून मारीत. ही गाठ उजवीकडून मारलेली असे. पुतळा ती सोडवीत नसे.

यथाकाल गोष्ट घरी गेली. आश्चर्य असे, की दोन्ही घरांना स्थळ पसंत होते! मुलगी कामाची, मुलगा निर्व्यसनी, पत्रिका जुळलेल्या. पण बोलणी करायला पहिले पाऊल कुणी टाकायचे? आबाशेट म्हणाला, "थोरलीच्या मानकऱ्यानं धाकटीच्या दारात जायचं नसतं." नारूशेटनेही शब्दशः तेच म्हटले. सोयरीक मोडली. पुढे कुणी मध्यस्थी करून ती जुळवली, तर साखरपुड्याच्या दिवशी पागोटे आधी कुणाला बांधायचे यावरून पाने वाढलेली पंगत उठली. भात तसाच गार झाला. पुतळाच्या आईने तो गाईंना घातला आणि लेकीला म्हणाली, "बाई गं, पुरुषांचा मान म्हणजे चुलीवरचं दूध. हात लावावा तर भाजतं, न लावावा तर उतू जातं."

"मग चूलच विझवावी," पुतळा म्हणाली.

तिच्या बरोबरीच्या मुलींची पोरे रांगू लागली होती. पाणवठ्यावर बायका विचारीत, "काय गं पुतळा, यंदा तरी?" आणि ती घागर अशी आपटी, की प्रश्न पुन्हा यायला पुढचा दिवस उजाडे. तिला रडू येत नसे. तिला वीट आला होता. केरबाचाही आला होता, कारण तो प्रत्येक वेळी म्हणे, "थोडी कळ काढ. बाबांचा राग शांत होईल." खालच्या आळीत राग शांत झाल्याचे कुणी पाहिले नव्हते.

शेवटी अनंतभट जोशांनी तोड काढली. कुणी कुणाच्या दारात जायचे नाही. लग्न मधल्या मोकळ्या जागेत, आणि तेही चैत्री पौर्णिमेच्या जत्रेला. दोन्ही देवींच्या पालख्या तिथूनच जातात. दोन्ही बहिणींच्या साक्षीने गोरज मुहूर्तावर अक्षता पडतील. दोन्ही पालख्यांनी एकाच वेळी यायचे, म्हणजे पहिली-दुसरी हा प्रश्नच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या हुशार माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही, की समोरासमोरून येणाऱ्या दोन पालख्यांना एकमेकींच्या बाजूने जावे लागते, आणि लग्नाचा मांडव मधोमध घातल्यावर तिथे एकाच पालखीपुरती वाट उरते.

जत्रेचा दिवस उजाडला. तोरणे लागली, हलवाई बसले, बांगड्यांच्या राशी मांडल्या गेल्या, शहरातली निम्मी माणसे लग्नाला आणि निम्मी भांडण बघायला आली. पुतळा मुंडावळ्या बांधून पाटावर बसली. समोर केरबा. कलत्या उन्हात दोन्हीकडून हलग्या वाजत आल्या, आणि मांडवाशेजारच्या त्या अरुंद वाटेत दोन्ही पालख्या दांडीला दांडी भिडवून उभ्या राहिल्या.

"वाट द्या," आबाशेट म्हणाला.

"तुम्ही द्या," नारूशेट म्हणाला.

मायराणीची पालखी माघारी फिरत नाही. वाटेत ती भुईला टेकत नाही. आणि ती निघाली, की पोहोचेपर्यंत मानकऱ्याचा खांदा दांडीखालून निघत नाही. असे तिन्ही बाजूंनी देवाधर्माने बांधून घेतलेले. मुलीचा बाप एका दांडीखाली, मुलाचा बाप दुसऱ्या. कन्यादान कोण करणार? हलग्या एकमेकींवर चढू लागल्या. रानातून परतणाऱ्या गाई गर्दीमागे अडल्या आणि हंबरू लागल्या; गोरज मुहूर्त आणि गाईच घरी जाईनात. अनंतभट घटिकापात्राकडे बघून ओरडत होते, पण त्यांचे कुणाला ऐकू येत नव्हते. तेवढ्यात खालच्या पालखीच्या एका भोयाचा पाय मुरगळला. नारूशेटने मांडवाकडे मान वळवली.

"केरबा, ये, खांदा दे!"

"बाबा, लग्न..."

"लग्न पळून चाललं काय? आधी देवी!"

आणि केरबा बाशिंगासकट उठून पालखीखाली गेला. सांगतात, पुतळाने रिकाम्या पाटाकडे एकदा पाहिले, आणि ती उठली. अंगाला हळद, हाताला काकण, अशी ती दोन पालख्यांच्या मधल्या फटीत जाऊन उभी राहिली. तिने आधी हलगीवाल्यांकडे पाहिले. हलग्या थांबल्या.

"आबा," ती म्हणाली, "तुमच्या खांद्यावर देवी आहे म्हणून नमस्कार करते. खाली जो माणूस आहे त्याला करत नाही."

"पोरी, देवीसमोर हे असलं..."

"देवीसमोरच बोलते. तुमच्यासमोर बोलून माझं तोंड दुखलं. थोरली कोण, थोरली कोण! दोघी एका डोहात नांदत होत्या तेव्हा भांडल्या नाहीत, तुमच्या खांद्यावर आल्या आणि सवती झाल्या? नारूमामा, तुम्हाला सून पाहिजे का वाट पाहिजे? वाट पाहिजे असेल तर घ्या, मी मांडव उपटते. घरात ती वाटच भाकरी करून घालेल तुम्हाला!"

गर्दीत कुणीतरी हसले. तिने तिकडेही बघून घेतले.

"हसू नका. तुम्हीही अक्षता घेऊन भांडण बघायला आलात. आणि तुम्ही," ती केरबाकडे वळली. तिने त्याला चारचौघांत प्रथमच हाक दिली. "बाशिंग बांधून ओझं वाहताय! तुटलेला धागा गुपचूप सांधता येतो, माणसं सांधायची वेळ आली की बाबांचा राग शांत व्हायचा असतो. आज सूर्य बुडाला की मी पाटावरून उठलेली नवरी. मला दुसरा कुणी घेणार नाही आणि तुम्हालाही मी घेणार नाही. काय ते आत्ता."

केरबाने गुडघे वाकवले. एका कोपऱ्याने पालखी खाली आली, म्हणून बाकीच्यांना सावरण्यासाठी वाकावे लागले, आणि मायराणीची पालखी, बोरवंडच्या आठवणीत प्रथमच, धुळीत टेकली. सगळा जमाव हबकला. नारूशेटचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा केरबा मोठ्याने म्हणाला,

"आमची बसली. घरात थोरली बसते, धाकटी उभी असते."

वरच्या आळीला हे समजायला एक क्षण लागला. आणि समजल्यावर आबाशेट ओरडला, "टेकवा! टेकवा लवकर!" वरची पालखी इतक्या घाईने खाली आली, की आतला देवीचा मुखवटा हलला म्हणतात.

काही जण हे असे सांगत नाहीत. ते म्हणतात, केरबाने काही केलेच नाही. पुतळाचे बोल ऐकून दोन्ही देवी एकदम जड झाल्या, भोयांचे खांदे वाकले, आणि बहिणी आपापल्या मर्जीने भुईवर बसल्या. भोई दमले होते आणि त्यांना निमित्तच हवे होते, असे म्हणणारेही आहेत. कोणते खरे ते मायराणीला ठाऊक. एवढे नक्की, की पालख्या टेकल्या आणि दोन्ही बापांचे खांदे मोकळे झाले. अनंतभटांनी अर्धी मंगलाष्टके गिळून उरलेली एका दमात म्हटली, आणि सूर्याची कड दिसत होती तोवर अक्षता पडल्या.

पण लग्न लागले म्हणून माणसे बदलत नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन्ही आळ्यांना कळले, की आपली पालखी धुळीला लागली. मग आयुष्यात प्रथमच दोन्ही आळ्या एका गोष्टीवर एक झाल्या: दोष त्या दोघांचा. सासरचे दार बंद, माहेरचे दार बंद. पुतळा आणि केरबाने मांडवाच्या खांबांवर छप्पर टाकले आणि तिथेच, ना वर ना खाली, माग मांडला. चौकातले हे पहिले घर, असे म्हणतात. वरच्या आळीत जावे तर खालची रागावते, खालच्या आळीत जावे तर वरची, याला कंटाळलेली परगावची गिऱ्हाइके त्यांच्याकडे येऊ लागली. मग शेजारी शिंपी आला, कासार आला, हलवाई आला. चौकातला बाजार असा जमला. पण आबाशेट रोज सकाळी ताणा पसरायला यायचा तो लेकीच्या दाराकडे पाठ करून.

पुढच्या चैत्री पौर्णिमेला पालख्या पुन्हा निघाल्या. त्या जागी आल्या आणि जड झाल्या. भोई बदलले, नारळ फोडले, लिंबू ओवाळले. दोन्ही देवी भुईवर बसल्या त्या हलेनात. अनंतभट म्हणाले, "जिच्या बोलाने बसल्या, तिलाच बोलवा." बोलवायला कोणी जायचे, यावर थोडा वाद झालाच. अखेर दोन्ही मानकरी पागोटे हातात घेऊन एकदमच पुतळाच्या दाराशी गेले.

ती बाहेर आली. "आता काय राहिलं?"

"देवी उठत नाहीत," नारूशेट म्हणाला.

मग पुतळा बोलली. वर्षभराचे साठलेले बोलली. बंद दाराचे बोलली, आईला चोरून भेटावे लागले ते बोलली, सणाला माहेरचे कुणी न येता पुरणाची पोळी खाल्ली ते बोलली. दोघे मान खाली घालून ऐकत राहिले. ती दम घ्यायला थांबली, तेव्हा आबाशेट खालीच बघत म्हणाला,

"अजून बोल गं. वर्ष झालं, तुझा आवाज ऐकला नाही."

पुतळाने तोंड उघडले, पण पुढे शब्द आला नाही. तिने पदर तोंडाला लावला. आणि भोयांनी दांडीला हात घातला तर पालख्या फुलासारख्या उठल्या.

आजही चैत्री पौर्णिमेला दोन्ही मानकरी तिथे उभे राहून बोलणी खातात. नव्या सुना-लेकी हसत येतात, मोबाइल धरलेल्या मैत्रिणी मागे असतात. कुणी पार्किंगवरून बोलते, कुणी लग्नातल्या रुसव्यांवरून, कुणी सासऱ्याचे नाव न घेता सासऱ्याला. मानकरी फक्त एवढेच म्हणतात, "अजून बोल, बाई." बहुतेकींना हसू येते. पण दरवर्षी एक तरी मुलगी अशी निघते, की बोलता बोलता मध्येच थांबते आणि तिला पुढचे सुचत नाही. मग कुणाला काही सांगावे लागत नाही. भोई वाकून दांडीला हात घालतात. थोरली कोण हे अजून ठरलेले नाही.