बंधाऱ्याची दोन दारं

दोन बलाढ्य राज्यांच्या मधोमध एक गाव होतं, आणि त्या गावात एक पाटकरी होता. बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतोशेत सोडायचं, हे त्याचं काम. बंधाऱ्याला दारं दोन, एक वरच्या आळीचं, एक खालच्या. पाटकऱ्याने स्वतःचं शेत ठेवायचं नाही, असा रिवाज होता, कारण शेत आलं की हात झुकतो. एक दिवस तो वरच्या आळीत जेवायचा, एक दिवस खालच्या. घर मात्र वरच्या आळीत होतं, आणि एकुलती एक लेक खालच्या आळीत दिलेली.

एका वर्षी गावात वाद पेटला. खालची आळी म्हणाली, "सगळी शेतं एक करू. रास एकच घालू, आणि ज्याच्या घरी जेवढी खाणारी तोंडं, तेवढं धान्य तो नेईल."

"वा रे वा!" वरची आळी म्हणाली. "घाम आमचा आणि रास सगळ्यांची? ज्याचं शेत, त्याचीच रास!"

भांडले असते, घसे बसले असते, आणि दरवर्षीसारखे पाटातला गाळ काढायला एकत्र आले असते. पण हे दोन्ही राजांच्या कानांवर गेलं ना!

डोंगरापलीकडच्या राजाच्या राज्यात सगळ्यांचं मिळून एकच कोठार होतं. समुद्राकाठच्या राजाच्या राज्यात ज्याचं त्याचं. दोघांचं हाडवैर, पण समोरासमोर लढायची छाती एकाचीही नव्हती, दोन्ही राजधान्या जळाल्या असत्या. मग काय, दुसऱ्याचं अंगण जाळायला यांच्या बापाचं काय जात होतं? डोंगरवाल्याने खालच्या आळीला भाले धाडले, समुद्रवाल्याने वरच्या आळीला तलवारी. मागोमाग तोफा आणि दारूगोळा आला. गावाच्या मधून चुन्याची रेघ ओढली गेली. ओलांडेल तो फितूर.

पाटकऱ्याच्या जिवाला घोर लागला. दिवसातून दहा वेळा तो बंधाऱ्यावर चढायचा, लेकीच्या चुलीचा धूर दिसतो का बघायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा.

एके सकाळी वरच्या आळीचा पाटील समुद्रवाल्या राजाच्या दूताला घेऊन आला.

"खालचं दार बंद कर," पाटील म्हणाला.

"पाटील, भांडणापायी पाणी तोडायचं नाही. तुमच्याच आजोबांनी घालून दिलंय हे."

दूत गोड हसला. "अरे, आठ दिवसांत ते शरण येतील. लढाई संपेल. तुझी लेक घरी येईल."

लेकीचं नाव निघालं आणि पाटकरी विरघळला. त्याने खालचं दार बंद केलं.

शरण कुठलं यायला! आठव्या दिवशी खालच्या आळीने बंधाऱ्यात सुरुंग ठासला आणि बत्ती दिली. बंधारा फुटला. दोन्ही आळ्यांची पिकं, गुरं, शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. बत्ती देणारा परत आलाच नाही. तो पाटकऱ्याचा जावई होता.

आता लढायला उरलं होतं तरी काय? दोन्ही राजांनी तह केला, एकमेकांना पेढे भरवले, उरलेल्या तोफा गाड्यांवर घातल्या आणि चालते झाले. चुन्याची रेघ तेवढी तशीच राहिली.

रेघेपलीकडे लेक उभी होती. पाटकरी हुंदके देत म्हणाला, "पोरी, राजांनी घात केला गं आपला!"

"राजांचं सोडा, बाबा. दार कुणी बंद केलं?"

"मी. तू घरी यावीस म्हणून."

"मी घरीच होते, बाबा. पाणी तेवढं यायचं थांबलं."

पाटकरी खाली मान घालून फुटलेल्या बंधाऱ्याकडे गेला आणि पाटी भरू लागला. पण मातीने भरलेली पाटी एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. दोनदा उचलली, दोनदा सांडली. लेक बराच वेळ बघत राहिली. मग रेघ ओलांडून आली आणि तिने पाटीला हात लावला.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: घरातलं भांडण घरातच ओरडून संपवावं. बाहेरचा हत्यार देतो आणि निघून जातो. फुटलेला बंधारा आपल्यालाच बांधावा लागतो, आणि तोही ज्याच्याशी भांडलो त्याचाच हात धरून.