नीलकर्णाचे मोजे

एका राज्यात कीर्तिध्वज नावाचा राजा होता. धूम्रजट मांत्रिकाने त्याच्याकडे अर्धे राज्य मागितले. राजाने साफ नकार दिला, तसा मांत्रिकाने शाप दिला, "पायांपासून तू दगड होत जाशील!" झालेही तसेच. दगड रोज थोडा थोडा वर चढला आणि आज छातीशी आला. सूर्यास्ताला तो काळीज गाठणार होता. उतारा एकच, तीन संकटांपलीकडच्या चंद्रकुंडाचे पाणी. तिथवर धावेल असा घोडाही एकच, नीलकर्ण.

सेनापती दोनदा निघाले आणि दोनदा अर्ध्या वाटेवरून परतले. दोन्ही वेळा घोड्याचे पुढचे पाय रक्तबंबाळ. "राजकन्ये, वाटेवरचा तो डोंगरच चावतो," मिशांवर हात फिरवीत ते म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडे!

घोड्याचे पाय राखणारे काही मिळेल म्हणून राजकन्या हेमकळा नीलकर्णाला घेऊन मंतरलेल्या खजिन्याशी गेली. दारावर बोलकी साळुंकी पहारा देत होती.

"आत घोड्याच्या पायांत घालायच्या मोज्यांचे तीन जोड आहेत," साळुंकी म्हणाली. "एकच निवड. निवड चुकली, तर घोडा वाटेतच दगड होईल."

पहिला जोड सोन्याचा, नडगी झाकणारा. दुसरा लोखंडाचा, चहूबाजूंनी बंद आणि उखळासारखा जड. तिसरा चामड्याचा, आतून लोकरीचा, मागून थेट खुरापर्यंत उतरलेला.

"सोन्याचाच घ्या!" सेनापती म्हणाले. "समोरून शिळा आली तरी भय नाही."

हेमकळेने साळुंकीला विचारले, "आधी घोडा पळवून पाहू का?"

"पाहा की. बंदी कुणी केली आहे? आजवर कुणी पाहिलेच नाही."

राजकन्येने ओली हळद मागवली, नीलकर्णाच्या मागच्या खुरांना फासली आणि मैदानात त्याला भरधाव सोडले. परत येऊन पाहते, तो पुढच्या दोन्ही टाचा पिवळ्या!

"डोंगर बिचारा निर्दोष आहे," ती म्हणाली. "वेगात याचे मागचे खूर याच्याच पुढच्या टाचांवर आदळतात. नडगीवरचे सोने काय कामाचे? आणि लोखंडाच्या ओझ्याने हा धावणार कसा? मला चामड्याचा जोड दे."

सेनापतींचा हात मिशांवरून खाली आला.

तिने मोज्यांत हात घालून आत खडा नाही ना ते पाहिले, ते घोड्याच्या पुढच्या पायांत चढवले, पट्टा बोट सरकेल इतकाच आवळला आणि स्वार होऊन टाच मारली.

पहिले लागले काटवन. तिथले काटे धावून आले. चामड्यावर ओरखडे उठले, पायाला एकही लागला नाही. दुसरी दलदल. घोडा पोटापर्यंत रुतला, तरी बाहेर आला. पण मोज्यांत चिखल भरला. तेवढ्यात गिधाडाच्या रूपात धूम्रजट समोरच्या खडकावर उतरला.

"ऊन कलले, मुली. थांबलीस तर बाप गेला!"

हेमकळेने कललेल्या उन्हाकडे पाहिले. पण चिखलातली वाळू घोड्याची कातडी सोलून काढील, हे तिला ठाऊक होते. ती उतरली. मोजे सोडले, ओढ्यात धुतले, पाय पुसले आणि मोजे पुन्हा चढवले.

"ज्याच्या पायांवर मी जाणार, त्याच्यासाठी वेळ नाही असे कसे म्हणू?" एवढे बोलून ती स्वार झाली.

तिसरी खिंड. तिथले धोंडे स्वारामागे धावतात. नीलकर्ण असा उधळला की धोंडे दमले. ढांगेढांगेला मागचा खूर चामड्यावर ठक्क वाजे, पण रक्ताचा थेंब नाही. कुंड आले, तिने कलश भरला. चंद्रकुंडाचे पाणी हाती असले की परतीची वाट आखूड होते, तिथला नियमच तसा.

सूर्य टेकला आणि राजाच्या छातीवर पाणी पडले. दगड मेणासारखा विरघळला. शाप तुटताच धूम्रजटाचा धूर झाला आणि वाऱ्यावर गेला. दरबारात जयजयकार उठला.

"हेमकळे, माग, हवे ते माग!" राजा म्हणाला.

"मागेन, बाबा. आधी घोड्याला फिरवून गार करते. इतका धावून एकदम उभा राहिला, तर पाय आखडतील त्याचे."

राजाने स्वतःच्या पायांकडे पाहिले. तेही आखडलेलेच होते. लेकीच्या खांद्यावर हात टाकून तो लटपटत अंगणात उतरला. एका हाताला घोडा, दुसऱ्या हाताला बाप, अशी हेमकळा दोघांना सावकाश फिरवू लागली, आणि त्या राज्याची घडी पुन्हा बसली.