तळ्याकाठचा माळ आणि तीनदा विचारलेला प्रश्न

पूर्वी कुमुदवती नगरात अरिंदम राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचे भूमी-अमात्य होते. कुणाच्याच नावावर नसलेली जमीन कुणी मागितली, की अमात्याने भरसभेत तीनदा विचारायचे, "कुणाची हरकत?" तिन्ही वेळा सगळे गप्प राहिले, की जमीन मागणाऱ्याची. विचारणाऱ्या अमात्याला स्वतः हरकत घेता येत नसे.

नगराबाहेर माळ होता, माळावर तळे. हरणे तिथे पाण्यावर येत, नगरातल्या विहिरींना त्याच तळ्याचा पाझर होता आणि संध्याकाळी सारे नगर तिथे पाय मोकळे करी.

हा माळ श्रेष्ठी सोनुत्तराने आमराईसाठी मागितला. "तळं बुजवीन, कुंपण घालीन. एक कोपरा तुमच्या घराला, अमात्य."

अमात्यांचे घर दोन खोल्यांचे, माणसे अकरा. तरी ते एवढेच म्हणाले, "सभा माळावर भरवू."

सभा भरली. अमात्यांनी दोनदा विचारले. माळ सगळ्यांचा, म्हणून जो तो दुसरा कुणी बोलेल म्हणून थांबला.

पुढेच पद्मिका कुंभारीण लेकीचे मनगट घट्ट धरून बसली होती. "कुंपण झालं तर बरंच," ती शेजारणीला म्हणाली. "बुडायची धास्ती नाही."

"मग पोरगी खेळेल कुठं? तुझ्या अंगणात?"

"अगं बाई, तिथं मडकी वाळतात!"

"आणि मडक्यात भरायला पाणी कुठलं?"

पद्मिकेने तळ्याकडे पाहिले.

"विचारा की," सोनुत्तर कुरकुरला. "ऊन चढतंय."

"तहान लागली असेल तर तळ्याचं पाणी प्या," अमात्य म्हणाले. "मी थांबतो."

श्रेष्ठी खरोखरच प्यायला. लोक हसले. मग अमात्यांनी तिसऱ्यांदा विचारले.

"माझी आहे," पद्मिका उठली. "म्हणजे, भीती मला अजूनही वाटते. लेकीचा हात मी धरीन. तळं बुजवू नका."

"माझीही हरकत," मागून कुणी म्हणाले. मग सगळेच.

"तुमचा कोपरा गेला, अमात्य," सोनुत्तर म्हणाला.

"गेला," अमात्य म्हणाले.

राजाने रीत बदलली. सर्वांच्या वापरातल्या जमिनीबाबत यापुढे मौन म्हणजे नकार.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तो श्रेष्ठी म्हणजे विहारापुढचे मैदान मागायला आज आलेला हा गृहस्थ. पद्मिका म्हणजे बोलायला उठून पुन्हा खाली बसलेली ही उपासिका. अमात्य मीच होतो. कोपरा सोडणे हा अलोभ. भीतीसकट उभे राहणे हे वीर्य, म्हणजे मनाचे बळ."

उपासिका पुन्हा उठली.