काडीमोड नसलेलं भांडण

खाडीत जाळी कुणी टाकायची, यावरून दोन कोळीवाड्यांत डोकी फुटली होती. समेटाला हेमांगीताई तांडेल आल्या. एरवी त्या नवरा-बायकोची भांडणं मिटवत.

समेटाला बसलेले पंचायत समितीचे सभापती हसले, "बाई, हा काय संसार आहे?"

"त्याहून अवघड, साहेब! नवरा-बायकोला काडीमोड तरी घेता येतो. यांनी खाडी सोडून जायचं कुठं?"

ताईंनी दोन्ही कोळीवाड्यांच्या पाटलांना समोरासमोर बसवलं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं आधी तेच बोलून दाखवायचं, मगच उत्तर द्यायचं.

पोशा पाटलांचं बोलणं परत सांगताना धाकू पाटील अडखळत म्हणाले, "आम्ही जाळी फाडली, तेव्हा तुमच्या चुली विझल्या."

"होय! हेच दोन वर्षं सांगतोय," समोरचे पोशा पाटील पुटपुटले.

तेवढ्यात सभापती निकाल द्यायला उठले. दोन्ही पाटील एका सुरात म्हणाले, "बसा साहेब, आमचं बोलणं चाललंय!"

ताईंची मान अभिमानानं ताठ झाली.